स्कूटरच्या बॅटरीवरचा आवाज

“अगं ए मिरजवाली, नवऱ्याच्या स्कूटरचं काळीज काढलंस व्हय?”

वन्सं शेडच्या दारात उभ्या होत्या. कमरेवर सुताच्या कांड्यांची टोपली, केसांवर सुताचा पांढरा भुसा. मी अंगणात उकिडवी बसून उमेशच्या स्कूटरमधून बॅटरी ओढून काढत होते. पदर खोचलेला, हात काळे.

“दोन दिवसांपुरती काढतेय,” मी ओरडून म्हटलं. मागे शेडमधले चारही यंत्रमाग चालू होते, आणि आमच्या घरात मागांच्या वर आवाज काढल्याशिवाय काहीच पोचत नसे.

“आणि तो गिरणीत जाणार कसा? ढकलत?”

“किक मारून होते चालू. फक्त हॉर्न वाजणार नाही.”

“वाजवंल की मग तोंडानं,” वन्सं म्हणाल्या. मग शेडकडे वळून त्यांनी सासूबाईंना काहीतरी सांगितलं. म्हणजे ओठ हलवले. तिकडं मागापाशी उभ्या असलेल्या सासूबाई लगेच तोंडाला पदर लावून हसायला लागल्या.

मला काहीच कळलं नाही. नेहमीप्रमाणे.

इचलकरंजीत येऊन मला वर्ष होत आलं होतं. मागांच्या घरात जन्मलेली माणसं ओठांवरून बोलणं समजून घेतात हे मला लग्नाआधी कुणी सांगितलं नव्हतं. खट्याक खट्याक चालू असताना इकडची बाई तिकडच्या बाईला भाजी काय करायची ते विचारायची, तिकडून उत्तर यायचं, दोघींचं भांडणसुद्धा व्हायचं आणि मिटायचंही. मी मधे उभी राहून दोघींच्या तोंडांकडे बघायची. “आमच्या घरात तूच तेवढी बहिरी,” असं वन्सं म्हणायच्या. माझ्या कानाशी येऊन, मोठ्यानं.

खरे कानांनी गेलेले होते ते अप्पा, माझे सासरे. जन्मभर मागांमध्ये काढल्यावर त्यांना आता मागही ऐकू येत नव्हते. कुठला माग बिघडतोय ते त्यावर तळहात ठेवून सांगायचे. उमेशनं कानाचं यंत्र आणून दिलं होतं, ते त्यांनी तंबाखूच्या जुन्या डबीत घालून देवघराच्या फळीवर ठेवून दिलं होतं. “त्यात नुसता कालवा येतोय,” म्हणायचे. त्यांचं अडायचं मात्र कुठंच नाही. रोज दुपारी चहाच्या वेळी वन्सं शेडच्या पायरीवर बसायच्या, समोर अप्पा, आणि वन्सं त्यांना अख्खा पेपर वाचून दाखवायच्या. अगदी छोट्या जाहिरातीसुद्धा. मागांच्या दणक्यात त्यांचा आवाज मला कधी ऐकू आला नाही. अप्पा मात्र मधेच मान डोलवायचे, मधेच “हात्तिच्या!” म्हणून मांडीवर थाप मारायचे.

रत्नप्रभा हे वन्संचं नाव. उमेशपेक्षा मोठ्या. लग्न होऊन गेल्या होत्या, दोन वर्षांत परत आल्या. का, ते कुणी बोलत नसे, आणि मीही विचारलं नाही. आल्या त्या कांड्या भरायला बसल्या. हात कांडीवर आणि डोळे मांडीवरच्या पुस्तकावर. नगर वाचनालयातल्या बाईंनी एकदा त्यांना सांगितलं की, पुण्याच्या एका संस्थेला अंध मुलांसाठी पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करायला माणसं हवीत. आवाजाचा नमुना पाठवायचा, निवड झाली तर पगार आणि राहायला खोली. वन्संनी हे घरात कुणाला सांगितलं नाही. नमुना करून पाठवलासुद्धा, कुणाकडून तरी टेपरेकॉर्डर आणून.

पुण्याहून फोन आला तो नेमका मी उचलला. पलीकडच्या बाई फार गोड बोलत होत्या. “रत्नप्रभाताईंचं वाचन समजून केलेलं वाटतं, पण अहो, त्यांच्या मागं कुणी पिठाची चक्की लावलीय का? आणि त्या एवढ्या ओरडतात का? पुन्हा एकदा पाठवा म्हणावं. संगणकावर करून सीडी पाठवा. या महिनाअखेरीपर्यंत आली तरच विचार होईल.”

मी वन्संना जाऊन सांगितलं. त्यांचा चेहरा आधी पडला, मग तापला. “तू कशाला उचललास फोन?”

“वाजत होता म्हणून.”

“आता सगळ्या गल्लीला सांग, रेडिओ निघाला पुण्याला.”

“कुणाला सांगत नाही. पण सीडी मी करून देते.”

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की, मी जणू त्यांना मागावर विमान विणून देते म्हटलं होतं.

पण ते मला येत होतं. मिरजेत माझ्या बाबांचं टीव्ही दुरुस्तीचं दुकान आहे. सोल्डरिंगच्या धुरात मी लहानाची मोठी झाले, पुढे सांगलीला इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला. लग्नानंतर त्या डिप्लोम्याचा उपयोग एवढाच झाला होता की, घरातला मिक्सर मी उघडायची. उमेशनं कोर्ससाठी जुना कॉम्प्युटर घेतला होता, तो आतल्या खोलीत चादरीखाली होता. माइकही होता. पहिल्याच दिवशी करून बघितलं, आणि वन्संच्या आवाजामागं चारही माग हजर. आमचे बंद ठेवले तर शेजारचे. शेजारचे बंद ठेवले तर गल्लीतले. अख्खं गावच माग आहे, ते कोण आणि कशासाठी थांबवणार?

लोडशेडिंग! दुपारी जेवणं झाली की गावातली वीज जायची. एकदम सगळे माग थांबायचे, आणि अशी शांतता पडायची की सुरुवातीला मला चक्कर आल्यासारखं व्हायचं. चिमण्या ऐकू यायच्या. पलीकडच्या गल्लीत कुणीतरी ताक घुसळतंय तेही ऐकू यायचं. तेवढ्याच वेळात वाचून घ्यायला हवं होतं.

वीज नाही तर कॉम्प्युटर कशावर चालणार? इन्व्हर्टर होता घरात, त्यावर चालायचा. पण इन्व्हर्टर स्वस्तातला होता, त्याची वीज खरबरीत. कॉम्प्युटरला ती चालायची, पण आवाजाच्या कार्डात शिरायची, आणि रेकॉर्डिंगमध्ये सगळीकडे एक बारीक किर्रर यायची. रातकिडा कानात घर करून बसल्यासारखी. माग गेले आणि रातकिडा आला. मी डोकं धरून बसले.

मग बाबांना फोन केला. बाबा म्हणाले, “कार्डाला वेगळी वीज दे की. बाहेरून. बॅटरीची वीज सगळ्यात स्वच्छ.”

म्हणून ती स्कूटरची बॅटरी.

“म्हणजे काय करणारेस नक्की?” वन्संनी विचारलं. कॉम्प्युटरचं झाकण उघडलेलं होतं, आणि ते तळहाताएवढं हिरवं कार्ड मी वर्तमानपत्रावर ठेवलं होतं.

“हे बघा. कॉम्प्युटर आणि हे कार्ड एकाच टाकीचं पाणी पितात. टाकीत गाळ आहे. कॉम्प्युटरला गाळ चालतो, कार्डाला खोकला येतो. म्हणून कार्डाचा टाकीकडचा नळ तोडायचा आणि त्याला आपली वेगळी घागर द्यायची.”

“तोडायचा?”

“ही तांब्याची रेघ दिसतेय ना, ही ब्लेडनं कापायची.”

“आणि चुकीची रेघ कापली तर?”

“तर कार्ड मेलं.”

“उमेशला विचारलंस?”

“कापून झाल्यावर विचारेन.”

वन्सं खुदकन हसल्या. माझ्यासमोर, माझ्या बोलण्याला. वर्षभरात पहिल्यांदा.

मी रेघ कापली. कार्डावरच्या छोट्या रेग्युलेटरच्या पायाला बॅटरीच्या तारेचं टोक जोडायचं होतं. तो पाय तांदळाच्या कणीएवढा. एका हातात सोल्डर, दुसऱ्यात तापलेली सळई; तार धरायला तिसरा हात नव्हता. वन्संनी चष्मा लावला आणि तारेचं टोक दोन बोटांत धरून नेमकं त्या पायावर टेकवून ठेवलं. अजिबात हललं नाही. मागावर तुटलेली सुताची तार शोधून, धरून, गाठ मारायची त्यांची जन्माची सवय. मी सोल्डर टेकवलं, धूर झाला, चांदीचा थेंब बसला.

“भाजलं का?”

“कांडी भरताना सूत याच्यापेक्षा भाजतंय,” वन्सं बोट फुंकत म्हणाल्या. “आता?”

“आता एक लक्षात ठेवायचं. आधी बॅटरी जोडायची, मग कॉम्प्युटर चालू करायचा. उलटं केलं तर कार्ड रुसेल.”

“म्हणजे सासूसारखंच. आधी तिला चहा, मग बाकीच्यांना.”

संध्याकाळी उमेश घरी आला तो घामाघूम. “चौकात म्हैस आडवी आली, हॉर्न नाही. खरंच तोंडानं वाजवलं. म्हैस हलली नाही, पण पोलीस हलला.” मग त्याचं लक्ष कॉम्प्युटरकडे गेलं. उघडं पोट, त्यातून बाहेर आलेल्या लाल-काळ्या दोन तारा, आणि खाली पाटावर त्याची बॅटरी. त्यानं माझ्याकडे बघितलं, बहिणीकडे बघितलं. आम्ही दोघी शेजारी शेजारी बसलो होतो. त्यानं हात धुतले आणि चहा मागितला.

महिनाअखेर परवावर आली होती. गिरणीची गाडी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पुण्याला सूत घेऊन जाणार होती, तिच्या ड्रायव्हरकडे सीडी द्यायची असं उमेशनं ठरवून ठेवलं. म्हणजे काय व्हायचं ते त्या दुपारी.

जेवणं झाली. वीज गेली. माग थांबले.

मी इन्व्हर्टरवर कॉम्प्युटर चालू केला, आधी बॅटरी जोडून. नुसतंच रेकॉर्ड करून बघितलं. हेडफोन लावला. काही नाही! किर्रर नाही, गुणगुण नाही. मी हेडफोन वन्संच्या कानाला लावला. त्या बराच वेळ ऐकत राहिल्या.

“ह्यात तर काहीच न्हाई.”

“तेच तर!”

पुण्याच्या बाईंनी वाचायला एक मुलांची गोष्ट पाठवली होती. विहिरीत पडलेल्या बादलीची. वन्संनी पानं हातात घेतली, माइकसमोर बसल्या, आणि त्यांच्या घशातून आवाज निघेना. निघाला तो शेडमधला, सगळ्या गल्लीला पुरेल असा. “बेडकांनी बादलीला विचारलं!” अशी काही आरोळी की, बेडूक घाबरून विहीर सोडून जातील.

“वन्सं, मी इथंच आहे.”

“मला न्हाई जमत असं. डबड्याकडं बघून कुणाला वाचतंय का माणूस? समोर कुणीतरी पाहिजे.”

आणि मला वाटलं, मला फार शहाणपणाचं सुचलंय. “अप्पांना बसवू या समोर. रोज पेपर वाचता तसं वाचा. भीती वाटणार नाही.”

लोडशेडिंगमध्ये अप्पा मारुतीच्या देवळात जाऊन आडवे व्हायचे. सासूबाई त्यांना उठवून घेऊन आल्या. डोळे चोळत ते स्टुलावर बसले. वन्संनी त्यांच्याकडे बघितलं आणि त्यांचे खांदे खाली आले. मला बरं वाटलं. मी रेकॉर्डिंग सुरू केलं, बोटानं खूण केली, दार ओढून घेतलं आणि बाहेर फाटकापाशी पहारा करायला उभी राहिले. मागच्या दाराला सासूबाई.

गल्ली माझ्या बाजूनं होती असं म्हणता येणार नाही. दोन पोरं टायर फिरवत आली, त्यांना हाकललं. एक भंगारवाला आला. त्यानं तोंड उघडायच्या आत मी ओठांवर बोट ठेवून घराकडे हात केला. त्यानं घाईघाईनं डोक्यावरची टोपी काढली, हात जोडले, आणि चेहरा पाडून हातगाडी उचलल्यासारखी हळूहळू घेऊन गेला. बिचाऱ्याला वाटलं, आमच्यात कुणीतरी गेलं.

आतून अप्पांचं हसणं ऐकू आलं, एकदा आणि मग परत. मी मनात म्हटलं, जमलं.

दार उघडलं. वन्संच्या कपाळावर घाम होता, चेहरा उजळलेला. “झालं! एकदाही अडखळले न्हाई.”

अप्पा दणदणीत आवाजात म्हणाले, “झ्याक वाचलं पोरीनं! एक अक्षर सुटलं न्हाई!”

मी पडद्याकडे बघितलं. आवाजाची हिरवी रेघ तिथं वरखाली नाचायला हवी होती. ती सरळ होती. भांग पाडल्यासारखी, इकडून तिकडे. मधे दोन उंचवटे होते, ते मला तार हलल्याचे खटके वाटले.

मी सुरुवातीपासून लावलं. शांतता. पुढं नेलं. शांतता.

“काय झालं?” वन्संनी विचारलं.

“आवाज आला नाही.”

“कुणाचा?”

“कार्ड गेलं बहुतेक. माझं सोल्डर सुटलं असणार. थांबा.” मी जमिनीवर आडवी होऊन आत बघायला लागले. तार ओढून बघितली, घट्ट. बॅटरीची टोकं बघितली, घट्ट. मला रडू यायला लागलं होतं. एक रेघ कापली होती मी, आणि तीच नको ती असणार. परत जोडायला वेळ नाही. गाडी संध्याकाळी जाणार. वन्संनी वाचायची पानं घडी करून ठेवली, आणि ते त्यांच्या टोमण्यांपेक्षा वाईट होतं.

“जाऊ दे,” शेवटी त्या म्हणाल्या. “नशिबात कांड्याच हायत.”

मी चिडून माइकवर टिचकी मारली. हेडफोनमध्ये टक्क! चांगली खणखणीत.

म्हणजे माइक जिवंत होता. कार्ड जिवंत होतं.

मी परत रेकॉर्डिंग लावलं, आवाज मोठा केला, हेडफोन कानावर दाबून धरला आणि डोळे मिटले. आधी काहीच नाही. मग, पान उलटल्याचा आवाज. कोरा कागद कुरकुरतो तसा, अगदी माझ्या कानापाशी. मग एक श्वास. ओठ मिटून उघडल्याचा ओलसर आवाज, तोही परत परत. आणि मग एकदम, खोलीभर, अप्पांचं हसणं.

सगळं आलं होतं. फक्त वन्सं नव्हत्या.

“वन्सं,” मी हेडफोन काढला. “तुम्ही कसं वाचलंत ते परत दाखवा. अप्पांकडे बघून. पहिलंच पान.”

“आता कशाला?”

“दाखवा तर.”

त्यांनी पान धरलं, अप्पांकडे बघितलं आणि वाचायला लागल्या. ओठ हलत होते, भुवया हलत होत्या, बेडकाच्या वेळी गाल फुगले. खिडकीबाहेर एक कावळा ओरडत होता, तो मला स्वच्छ ऐकू येत होता. वन्संचं अक्षरही नाही.

बादलीपाशी आल्यावर अप्पा परत हसले.

वर्षभर मी समजत होते, पायरीवरच्या त्या पेपरवाचनाचा आवाज मागांत बुडून जातो. आवाज नव्हताच तिथं कधी. गेली कितीतरी वर्षं त्या बापाला लेक अशीच वाचून दाखवत होती, आणि तो ऐकत होता. वन्संना स्वतःलाही माहीत नव्हतं. अप्पा समोर आले की आवाज आपोआप आत जायचा, जसा देवळात गेल्यावर पायातून चप्पल निघते.

“वन्सं, तुमचा आवाजच निघत नाहीये.”

“काहीतरीच! मला येतोय की ऐकू...” असं म्हणता म्हणताच त्या थांबल्या. त्यांचा हात गळ्याकडे गेला. मग त्यांनी माझ्याकडे, अप्पांकडे, पानांकडे बघितलं. आधी हसायला लागल्या, आणि मग हसता हसताच डोळे पुसायला लागल्या.

“काय झालं? काय झालं?” अप्पा विचारत होते.

वन्संनी त्यांना सांगितलं, ओठांनी. बराच वेळ लागला. अप्पा आधी हसले, मांडीवर थाप मारली. मग थाप मारलेला हात तिथंच राहिला. त्यांनी त्या हिरव्या सरळ रेघेकडे बघितलं.

“म्हंजे मी हितं असलो की तुझा आवाज निघायचा न्हाई,” ते म्हणाले.

वन्संनी जोरजोरात मान हलवली. तसं नाही, तसं नाही. पण अप्पा उठले होते. स्टूल उचललं, लेकीच्या डोक्यावरचा सुताचा भुसा एका हातानं झटकला, आणि बाहेर जाऊन अंगणात बसले. आमच्याकडे पाठ करून, तोंड शेडच्या भिंतीकडे. बंद मागांकडे बघत.

खिडकीतून त्यांची टोपी दिसत होती. वन्संची नजर तिथून हलेना.

इन्व्हर्टरनं स्वयंपाकघरातून एक बारीक शिट्टी दिली. वीज संपत आलीय असं सांगणारी.

“आता मी कुणाला वाचू?” वन्सं म्हणाल्या.

मी स्टूल नव्हतं म्हणून फरशीवरच बसले, मांडी घालून, त्यांच्या समोर. खिडकी आणि त्या यांच्यामध्ये.

“मला वाचा.”

“तुला?”

“मी मिरजेची. मला ओठांचं काही कळत नाही. या घरात मीच तेवढी बहिरी आहे. मला ऐकायचं असेल तर तुम्हाला आवाजच काढायला लागेल.”

टोमणा मारतील असं वाटलं, मारला नाही. मी रेकॉर्डिंग सुरू केलं. त्यांनी घसा खाकरला, ओठ ओले केले.

“एका गावात एक विहीर होती,” वन्सं म्हणाल्या.

मी आजवर त्यांचा ओरडा ऐकला होता. माझ्या कानाशी येऊन बोललेला, मागांच्या वरचा. हा आवाज मला नवीन होता. खालचा, भरलेला, जरासा खरबरीत, घाई नसलेला. वाक्याच्या शेवटी थोडा थांबायचा, मला कळलं का बघायचा आणि मग पुढं जायचा. एखाद्या ठिकाणी माझ्या कपाळावर आठी आली तर पुढचं वाक्य त्या सावकाश घ्यायच्या. बादलीला बेडकांनी विचारलं, ‘तू कोण?’ बादली म्हणाली, ‘आत्ता मी रिकामी आहे, भरले की सांगते.’ मला हसू आलं, मी पदर तोंडात कोंबला. वन्संच्या डोळ्यांत हसू आलं, पण आवाजात त्यांनी ते जेवढं पाहिजे तेवढंच येऊ दिलं.

दुसरी शिट्टी झाली, पण दार लावलेलं होतं. तिसरं पान. चौथं. बादली दोरीला लागून वर निघाली, बेडकांनी निरोप दिला.

“...आणि त्या दिवसापासून विहिरीतले बेडूक पाणी भरायला येणाऱ्या प्रत्येकाला विचारतात, आमची बादली बरी आहे ना?”

त्या थांबल्या. मी मनात श्वास मोजले, बटण दाबलं, लगेच साठवून टाकलं. पडद्यावरची रेघ डोंगरांनी भरलेली होती.

सीडी लिहून होते न होते तोच पंखा गरकन फिरला, बाहेरचा दिवा लागला, आणि सगळ्या गावाचे माग एकदम सुरू झाले. खट्याक खट्याक. त्या आवाजात अप्पा दारात येऊन उभे राहिले. त्यांनी नुसती हनुवटी वर केली. वन्संनी त्यांच्याकडे बघून ओठ हलवले. एकच शब्द.

“झालं,” असं त्या म्हणाल्या. मला कळलं.

अप्पा माझ्याजवळ येऊन कानाशी वाकले आणि मोठ्यानं म्हणाले, “ते पहिलं पुसू नगंस. ते माझं हाय.”

पुसलं नाही. अजून आहे.

पुढच्याच आठवड्यात पुण्याहून फोन आला. तोही मीच उचलला. “चक्की बंद केलीत वाटतं,” बाई हसून म्हणाल्या. “ताईंना कधी यायला जमेल?” वन्सं गेल्या त्या दिवशी उमेशनं त्यांना स्टँडवर स्कूटरवरूनच सोडलं. बॅटरी परत बसवलेली होती. गल्लीच्या टोकापर्यंत तो उगाचच हॉर्न वाजवत गेला.

त्याला बरीच वर्षं झाली; त्यांनी वाचलेली पुस्तकं आता मोजण्यापलीकडे गेलीत. कुठल्या कुठल्या गावांतली मुलं तो आवाज ऐकून वाढतायत. आमच्याकडे येतात तेव्हा त्या हळू बोलतात, आणि सासूबाई त्यांना म्हणतात, “पुण्याला जाऊन तुझा घसा बसला की गं.”

माझी लेक रेवा आता दीड वर्षाची झाली. ती झोपली की मी लिहायला बसते, आणि ती फार झोपत नाही. पेपर वाचून दाखवायला अप्पांना आता मी आहे; ओठांचं मला बऱ्यापैकी जमतं. झोपलेलं मूल खांद्यावर घेऊन बोलायचं तर यापेक्षा सोयीची भाषा नाही. पण रविवारी मी वाचायचं नाही. रविवारी वन्सं फोनवर दिसतात, समोर पेपर धरून, आणि अप्पा रेवाला मांडीवर घेऊन फोनपुढे बसतात.

मागच्या रविवारी मी पोळ्या लाटत होते. बाहेरच्या खोलीतून काहीच ऐकू येईना, म्हणून पिठाच्या हातानं बाहेर आले.

“वन्सं, आवाज येत नाहीये तुमचा! तुमच्याकडून बंद झालाय बहुतेक!” मी फोनकडे ओरडले.

अप्पांनी मान न वळवता हात वर करून मला गप्प केलं.

“ओरडू नगंस,” ते म्हणाले. “वाचतीय ती.”

त्यांच्या मांडीवर रेवा आत्याच्या तोंडाकडे टक लावून बघत होती. तिचेही ओठ हलत होते.